किती एकर हाय?

मला आधी वाटलं आईनं गॅलरीत काटवट झटकली. जास्वंदीच्या शेंड्याला, कळ्यांच्या देठाला, पानांच्या बेचक्यात असं पांढरं पांढरं पीठ, म्हटलं ज्वारीचं असणार, आणि बोटानं पुसायला गेलो तर पीठ चालायला लागलं की. म्हणजे पायांनी. सावकाश, जेवण झाल्यावर रंकाळ्याला फेरी मारायला निघालेल्या माणसासारखं. एक चिरडलं तर बोटाला गुलाबीसर चिकट पाणी लागलं, मग मी जो ओरडलो त्याला आतनं बायको "आलो, आलो" करत धावली (आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्या पाव्हण्यांनी दचकू नये) आणि बघून शांतपणे म्हणाली, हे तर पंधरा दिवस झालं आहे, मला वाटलं तुम्हीच कसली पावडर मारलाय.

शेजारच्या आण्णांना बोलावलं. शिरोळकडं त्यांचा तीन एकर ऊस होता, आता गुडघ्यांमुळं रान वाट्यानं दिलंय, त्यामुळं सगळं ज्ञान आमच्या मजल्यावर मोकळंच फिरत असतं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पान उलटं केलं, बराच वेळ बघितलं, आणि डॉक्टर नातेवाईकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणाले, "पिठ्या ढेकूण. मिलीबग म्हणत्यात. खत काय घातलायस?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. मेहुण्यानं गावाकडनं युरिया दिला होता, चिमूटभर घाला म्हणाला होता. आता चिमूट मी घातली, पण आमची, म्हणजे भाकरीवर कांदा-लसूण चटणी घेतो ती. झाड दहा दिवसांत असं तरारलं की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. युरियानं नुसता कोवळा लुसलुशीत पाला सुटतो, आणि सोंड खुपसून रस पिणाऱ्या किड्यांना नेमकं तेच पाहिजे असतं. थोडक्यात मी मांडव घालून पंगत बसवली होती आणि वर फोटोही काढले होते.

आमच्या घराण्याला मापच नाही हो. आई मीठ अंदाजानं घालते, वडील पेट्रोल "भर की" म्हणून भरायचे, आणि तांबड्या रश्श्याला किती चटणी या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर म्हणजे नुसती एक हाताची हालचाल आहे. त्यामुळं त्या रविवारी मी अर्ध्या बादलीत कपड्याची पावडर घातली ती पण हाताच्या हालचालीनं घातली, चांगला फेस झाला, मग वाटलं कमी पडायला नको म्हणून अजून एक हालचाल, आणि हे सगळं एप्रिलमधल्या दुपारी एक वाजता, कारण तेव्हा मला वेळ होता. झाडाला वेळ होता का हे कोण विचारतंय. अख्खं झाड न्हाऊ घातलं. कळ्यांपर्यंत फेस. आत येऊन दोन ताटं जेवलो आणि झोपलो.

उठून बघतो तर पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर वळलेल्या, मधे मधे विटकरी डाग, आणि पिठ्या ढेकूण जिथल्या तिथं. उलट अंघोळ झाल्यामुळं जरा उजळलेले. त्यांच्या अंगावर मेणाचं पांढरं पांघरूण असतं, त्यावरनं पाणी अळूच्या पानावरनं ओघळावं तसं ओघळतं. मेणाचं तसलंच एक पातळ अस्तर पानालाही असतं, ते मात्र पावडरीनं साफ निघालं आणि वरनं ऊन. आण्णा म्हणाले, "किडा हाय तसाच हाय, तू झाड मारलंयस." आई काहीच बोलली नाही, नुसती देवघरात जाऊन बसली. गणपतीला रोजचं लाल फूल त्या झाडाचं जायचं. आई काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मला दया आली आणि मी कुंडी उचलून हॉलमध्ये सावलीला आणून ठेवली. बायकोच्या रबर प्लांट आणि मनी प्लांटच्या मधे. म्हटलं जरा सोबत होईल. सोबत झालीच. आठव्या दिवशी रबर प्लांटच्या पानामागं मधल्या शिरेला चिकटून कापसाचे चार ठिपके, मनी प्लांटच्या पेरात दोन, आणि खाली टीव्हीच्या टेबलवर चिकट थेंब. हे ढेकूण रस पितात तो एवढा पितात की जास्तीचा गोड चिकटा खाली गळतो, मग त्यावर काळी बुरशी चढते, पान चुलीजवळ धरल्यागत दिसतं. रोग्याला वेगळं ठेवतात हे सगळ्या जगाला करोनात कळलं, ह्यांना न्हाई कळलं, असं बायको फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, म्हणजे मलाच सांगत होती पण व्हाया इचलकरंजी.

संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढला. कोल्हापुरात कट्ट्यावर आजार काढावा आणि औषध मिळू नये असं होत नाही, अडचण एवढीच की सात औषधं मिळतात. एकानं ताक सांगितलं, एकानं थिनर (त्याचा रंगाचा धंदा आहे, त्याचं प्रत्येक गोष्टीला थिनरच असतंय), आणि आमचा एक तालमीतला दोस्त म्हणाला, "निपाणी हाकेवर हाय आणि किड्याला घाबरतोस व्हय लगा? तंबाखू उकळ, गार कर, मार. काटा किर्र!" ऐकायला एक नंबर. पण घरी येऊन नीट वाचलं तर ते निकोटिनचं पाणी किड्याआधी माणसालाच बाधू शकतं, कातडीतनं सुद्धा अंगात भिनतं, आणि शिवाय तंबाखूवरचा एक व्हायरस असतो तो मिरची-टोमॅटोच्या झाडांना लागतो. शेजारच्या डब्यात आईच्या मिरच्या. जास्वंद मारली ती मारली, मिरची मारली असती तर मला गंगावेशीत खोली बघावी लागली असती.

मग दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाकडं गेलो, एका कृषी सेवा केंद्रात. रांगेत पुढं एकजण दोन एकर वांग्याचं सांगत होता, मागं एकाची केळी होती. माझा नंबर आला.

"बोला. किती एकर हाय?"

"एकर नाही. एक झाड आहे."

"आंबा?"

"जास्वंद."

"बांधावर?"

"गॅलरीत."

दुकानदारानं पेन खाली ठेवलं. केळीवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला उगाच गावाकडच्या अर्ध्या गुंठ्याची माहिती द्यावीशी वाटली. पण माणूस सरळ होता हां. मागच्या फळीवरची एक बाटली काढून त्यावरचा त्रिकोण दाखवला, म्हणाला, "ह्यो लाल म्हंजे जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. घरात पोरं हायती न्हवं? मग ह्यातलं काय हॉलमधी मारू नका. निंबोळी तेल न्हेवा. पंपाला पंच्याहत्तर मिली."

"आमच्याकडं पंप नाही. काच पुसायचा स्प्रे आहे. अर्ध्या लिटरचा."

पंधरा लिटरच्या पंपाला ७५ मिली, म्हणजे लिटरला ५, म्हणजे अर्ध्या लिटरला अडीच. त्यानं कॅल्क्युलेटर काढला नाही, माझा मान ठेवला. अडीच मिली! आमच्या घरात स्वयंपाकघर स्थापन झाल्यापासून अडीच मिली अशी कुठलीच गोष्ट कशातही पडलेली नाही. शेवटी पोरीच्या तापाच्या औषधाची एक जुनी सिरिंज सापडली, तिच्यावर मार्करनं "झाड" लिहून ती कायमची वेगळी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रेघेला डोळा लावून काहीतरी मोजलं. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आपली मिसळीची तर्रीच. त्याला आधी सौम्य लिक्विड साबणाचे चार थेंब लावून कोमट पाण्यात घुसळायचं तेव्हा कुठं पाणी दुधाळ होतं, आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं. वासाबद्दल मी बोलत नाही. बायकोची मावशी आली होती ती न विचारता म्हणाली, ड्रेनेज तुंबलंय वाटतं.

पण ढेकणाच्या त्या मेणाच्या पांघरुणाला अल्कोहोलच लागतं. मेडिकलमध्ये गेलो. "सत्तर टक्के अल्कोहोल द्या."

"सकाळी सकाळी?"

"आयसोप्रोपिल हो. झाडासाठी."

"झाडासाठी," तो पलीकडच्याला म्हणाला, "आता झाडासाठी म्हणायला लागलेत."

ह्या खेपेला सूत्रं बायकोनं हातात घेतली. तिचा नियम पहिला, आख्ख्या झाडाला काही लावायचं नाही, एका पानाच्या कोपऱ्याला लावायचं आणि दोन दिवस बघायचं. दोन दिवस! मी मिसळीला पाव यायची वाट बघत नाही. पण थांबलो, आणि रबर प्लांट आणि मनी प्लांटला काही झालं नाही, तिच्या नेच्याचं टोक मात्र तपकिरी पडलं, म्हणजे नेच्याला नुसतं पाणी. आधल्या दिवशी कुंड्यांना पोटभर पाणी, तहानलेल्या झाडावर काही मारायचं नाही. मग बाथरूममध्ये नेऊन कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून हँडशॉवरनं पानांच्या मागनं धार, अर्धी फौज तिथंच वाहून गेली. उरलेल्यांना ऊन उतरल्यावर गॅलरीत इयरबड.

हे काम मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं पण त्यात मजा आहे. बड बाटलीत बुडवायचा, थेंब झटकायचा, ढेकणाच्या पाठीवर नुसता टेकवायचा. पांढरं पांघरूण क्षणात विरघळतं आणि खाली एक गुलाबी-तपकिरी, शेवेच्या तुकड्याएवढा किडा उघडा पडतो, नुसता गप्प. बेचक्यात टूथपिकला कापूस गुंडाळून. पान खालनं तळहातानं धरायचं, नाहीतर देठ मोडतो (तीन मोडले). एका जास्वंदीला दीड तास. पोरगी मोजायला बसली होती, एकशे बारापर्यंत मोजून कंटाळली. आणि आठव्या दिवशी परत तितकेच, बारके, कारण मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते आणि अंड्यांना आपल्या बडाचं काही वाटत नाही. म्हणून दर आठवड्याला, चार आठवडे. फ्रिजवर कॅलेंडर लागलं, गॅसच्या सिलिंडरच्या तारखेखाली "ढेकूण".

तिसऱ्या आठवड्यात एक जाडजूड नग सापडला. बाकीच्यांच्या दुप्पट, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या, आणि भलताच पळत होता. म्हटलं हा ह्यांचा वस्ताद. पाठलाग करून टिपला. दुसरा दिसला, तोही टिपला, आणि दोन्ही कागदावर घेऊन अभिमानानं आण्णांना दाखवायला गेलो. आण्णांनी चष्मा घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आरं, ही क्रिप्टोलेमसची अळी. ढेकूण खाती ही. तासगावकडं द्राक्षवाले पैसं देऊन आणून सोडत्यात, तुझ्याकडं फुकट आलीवती."

मग त्यांनी २००२ सालचं काढलं. उसावर लोकरी मावा आला होता, सांगलीपास्नं सुरू झाला, फडच्या फड पांढरे, माणसं दुकानं धुंडाळत सुटली होती, आणि शेवटी मावा आटोक्यात आणला तो असल्याच मित्रकिड्यांनी. हे सांगताना ते कागदावरच्या त्या दोघांकडं बघत होते, मी पंचायत समितीतनं निवडून आलेल्या माणसाला मारल्यासारखं. तेव्हापासून गॅलरीत नियम झाला, हळू चालतो तो शत्रू, पळतो त्याला सोडायचं, आणि संशयाचा फायदा पळणाऱ्याला.

मुंग्यांचं राहिलंच. त्या चिकट्यासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात, मित्रकिडा आला तर हुसकावतात. त्यावर आईनं न विचारता उपाय केला, परातीत पाणी, मधे वीट, विटेवर कुंडी, दुधाचं पातेलं ठेवतात तशी. पाणी दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर ढेकूण जाऊन डास यायचे. एवढं सोपं मला कुठं वाचायला मिळालं नाही.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, फूल आलं. एकच, जरा बारकं, एका पाकळीची कड वाकडी. जळलेली पानं मी कापली नव्हती सगळी, हिरवा भाग आहे तोवर झाडाला खायला घालतात म्हणून ठेवली होती, त्या भाजलेल्या पापडांच्या मधे ते लालभडक फूल. आईनं हात जोडून तोडलं, गणपतीला वाहिलं, निरांजन लावलं. मी मागं उभा. सवय लागलीय म्हणून मोबाईलचा टॉर्च मारला, तर फुलाच्या देठाशी, बरोबर देवाच्या उजव्या कानामागं, एक पांढरा ठिपका.

मी बाटली आणि बड घेऊन आलो.

"मुडद्या, दिवा दिसंना व्हय?" आई म्हणाली. "आणि देवाला दारू लावतोस?"

दिव्याजवळ ती बाटली खरंच नेऊ नये, भडका उडायला वेळ लागत नाही, त्यामुळं मी उंबऱ्यावरच थांबलो. आईनं फूल उचललं, डोळ्यापाशी धरलं, आणि ठिपका बोटानं टिपून माझ्यापुढं केला. बघितलं तर अक्षता होती. अर्धी तुटलेली.

तरी मी ती कागदात घेऊन आण्णांना दाखवून आलो.