पक्षाघातानंतर मनाचं कोण विचारतं?

अमेरिकी राजकारणी जॉन फेटरमन यांच्या आत्मकथनावरचा लेख वाचला. राजकारण भरपूर आलंय, आजारपण मात्र दोन ओळींत उरकलंय, म्हणून लिहितेय.

मे २०२२ मध्ये, पेनसिल्वेनियातल्या पक्षांतर्गत निवडणुकीला चार दिवस उरले असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ऐकलेलं नीट उमगेना, म्हणून ऑक्टोबरमध्ये उमेदवारांच्या जाहीर वादविवादात पडद्यावरचे शब्द वाचून उत्तरं दिली. सिनेटची जागा जिंकली, तरी मन खचत गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते नैराश्यासाठी वॉल्टर रीड रुग्णालयात दाखल झाले, आणि दुसऱ्याच दिवशी कार्यालयाने तसं जाहीर केलं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्याच थॉमस ईगलटन यांना नैराश्यावर पूर्वी घेतलेल्या उपचारांपायी उपाध्यक्षपदाची उमेदवारी सोडावी लागली होती!

माझ्या बाबांना पक्षाघात झाला. हात-पाय हळूहळू हलू लागले, पण सकाळी सातला पेपर हिसकावून घेणारा माणूस तोच पेपर न उघडता मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसून राहायचा. आम्ही म्हणायचो, कंटाळा करताहेत. बीपी रोज मोजलं जायचं, फिजिओथेरपी चालू होती. मनाचं कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. पक्षाघातातून उठलेल्या साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

फेटरमन यांची अलीकडची बरीच मतं मला पटत नाहीत. पण रुग्णालयातले ते सहा आठवडे त्यांनी लपवले नाहीत, याबद्दल मनापासून आदर वाटतो.

बाबा आता गोळ्या घेतात. परवा अग्रलेखावरून माझ्याशी तासभर भांडले.