टेस्ट लाल, थ्रेड झोपेत

मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी जावा प्रोग्रामच्या टायमिंगची टेस्ट लाल (म्हणजे फेल) झाली नाही तरच नवल. कूलरच्या टाकीत खडखडाट, लॅपटॉपचा पंखा बोंबलतोय, प्रोसेसरने तापून स्वतःचा वेग उतरवलाय, आणि टेस्ट म्हणते, २०० मिलिसेकंद ठरले होते, २६३ झाले. मग शेजारच्या टेबलावरून हमखास सल्ला येतो, ‘‘काही नाही होत भाऊ, पुन्हा रन मार ना.’’ पुन्हा मारली की हिरवी. माझं डोकं सटकतं ते इथे.

मुळात २०० मिलिसेकंदांचा वेट, म्हणजे थ्रेडला (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या कामाला) ‘कोणी उठवेपर्यंत किंवा एवढी मुदत संपेपर्यंत झोप’ असं सांगणं, त्याचा वायदा तो काय? ‘पाच मिनिटांत आलोच, वर्धा रोडवरच आहे’ म्हणणारा आपला माणूस पाच मिनिटांच्या आत काही येत नाही. नंतर कधी येईल ते रहाटे कॉलनीचा सिग्नल ठरवतो. थ्रेडचंही तसंच. मुदत संपली की तो नुसता रांगेत लागतो. सीपीयू कधी द्यायचा ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेड्युलरच्या हातात, आणि वर लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी किल्ली, वेटमध्ये शिरताना ती सोडावी लागते) परत मिळाल्याशिवाय वेटमधून सुटका नाही. म्हणून खालची मर्यादा कडक ठेवावी, वरची दिलदार. २०० च्या आत परतला तर फेल, १० सेकंद झाले तरी पत्ता नाही तर फेल, मधलं सगळं माफ. विंडोजच्या टायमरची टिकटिकच मुळात साधारण १५.६ मिलिसेकंदांची असते. तिथे ‘२०५ च्या आत’ असं असर्ट (टेस्टमधली तपासणी) लिहिणाऱ्याची मला काळजी वाटते.

मोजायचं ते नॅनोटाइमने, म्हणजे जावाच्या मोनोटॉनिक, कधी मागे न जाणाऱ्या घड्याळाने. करंटटाइममिलिस भिंतीवरचं घड्याळ वाचतं, आणि त्याचे काटे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) मागेपुढे करत असतं. लिनक्सच्या लॅपटॉपचं झाकण लावून तर्री पोहे खाऊन या. भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे गेलेलं असेल, मोनोटॉनिक घड्याळ झोपेतला वेळ धरतच नाही. दोन्ही वेळा एकमेकांतून वजा करणारा कोडही असतो. तो लिहिणारे भेटतातही.

हे झालं सोपं. खरा छळ थ्रेडला वेळेआधी उठवून पाहण्याचा. सगळे काय करतात, थ्रेड सुरू करतात, स्लीप १०० मारतात (टेस्ट १०० मिलिसेकंद थांबते) आणि नोटिफाय, म्हणजे झोपलेल्याला उठवणारी हाक. तेवढ्यात तो वेटपर्यंत पोचला असेल, अशी आशा. नसेल पोचला तर नोटिफाय हवेत जाते आणि थ्रेड नंतर निवांत येऊन पूर्ण मुदत झोपतो.

‘‘दादा, मी तर लॅच लावला होता ना.’’ शेजारच्या टेबलावरून आवाज. लॅच म्हणजे एका थ्रेडने ‘काउंटडाउन’ केला की दुसऱ्यासाठी उघडणारा अडसर.

‘‘लावलास बे, पण लॉकच्या बाहेर. काउंटडाउन आणि वेट यांच्यामध्ये जी फट राहिली, त्यातूनच निसटली ना नोटिफाय.’’

काउंटडाउन सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकच्या (लॉक हातात असताना चालणाऱ्या कोडच्या) आत, वेटच्या अगदी आधी घ्यायचा. टेस्टचा थ्रेड लॅचवर थांबतो आणि मग तोच लॉक मागतो. लॉक त्याला मिळाला, याचाच अर्थ समोरच्याने तो वेटमध्ये शिरून सोडला. एकही स्लीप नाही.

विनाकारण जाग येणं हे आणखी एक प्रकरण. जावाच्या नियमांत थ्रेडला कोणी न उठवताही उठायची मुभा आहे, पण टेस्टसाठी तो सांगून थोडाच उठणार! म्हणून थ्रेड ज्या अटीची वाट पाहतोय ती न बदलता दर ५० मिलिसेकंदांनी नोटिफायऑल करत राहायचं. ज्याने अट तपासून पुन्हा झोपवणाऱ्या लूपमध्ये दर वेळी नव्याने पूर्ण २०० दिले, त्याचा थ्रेड कधीच टाइमआउट होत नाही, आणि ही चूक अगदी घरोघरी आहे. उरलेला वेळच द्यायला हवा.

आणि उरलेला वेळ दिला की माझा सगळ्यात लाडका बग हजर. नॅनोसेकंदांचे मिलिसेकंद करताना अपूर्णांक कापला जातो. उरले ४,००,००० नॅनोसेकंद, म्हणजे ०.४ मिलिसेकंद, म्हणजे शून्य. आणि ऑब्जेक्टच्या वेटला शून्य दिलं की तो ‘थांबू नको’ असं समजत नाही, तो कायमचा थांबतो! जावातल्याच दुसऱ्या वेटला, कंडिशनच्या अवेटनॅनोसला, शून्य दिलं तर तो लगेच परततो. एकाच भाषेत ही दोन टोकं कोणी ठेवली असतील? शेवटच्या मिलिसेकंदाच्या आत जाग आली तरच हा बग दिसतो, म्हणजे तुमच्याकडे कधीच नाही, ग्राहकाकडे नक्की. त्याच्यासाठी थ्रेड लागतच नाही. उरलेला वेळ काढणारं फंक्शन वेगळं करा, त्याला ४,००,००० द्या आणि उत्तर १ येतं का बघा. गोल करायचं ते वर. अवेटनॅनोस वापरलंत तर ही भानगडच नको.

राहता राहिलं असर्ट. ते टेस्टने सुरू केलेल्या पोराच्या थ्रेडमध्ये फेल झालं तर थ्रेड मरतो, जेयुनिटला (टेस्ट चालवणाऱ्या साधनाला) गंधवार्ता नसते आणि टेस्ट हिरवीगार. काम एक्झिक्युटरला (थ्रेड पुरवून काम चालवणाऱ्याला) द्या आणि फ्युचरवर (त्याने दिलेल्या निकालाच्या पावतीवर) गेट मारा, म्हणजे निकाल मागा, तोही मुदतीचा. जेयुनिट ५ च्या असर्टटाइमआउटच्या नादी लागू नका. तो काम पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि मग उशीर झाल्याची तक्रार करतो. वेट शून्यात अडकलेल्याची तक्रार त्याच्याकडून या जन्मी येणार नाही. शेवटी एक्झिक्युटर बंद करणारं शटडाउननाउ हवंच, नाहीतर अडकलेला थ्रेड पुढच्या टेस्टांच्या मानगुटीवर बसतो आणि लाल होते ती तिसऱ्याचीच टेस्ट. ती लिहिणारा नेमका सुट्टीवर असतो.