पोटमाळ्यावर टाकलेली खुर्ची

परवा मामीचा फोन आला. "अगं, खुर्ची पोटमाळ्यावर टाकली बघ. त्यात लिहिलंय, खुर्चीची सवय लागली की पाय कायमचे जातात." लिहिलंय कुठे, तर व्हॉट्सअॅपवर. माझा मामेभाऊ मे महिन्यात आंब्यावरून पडला, मणका मोडला, कमरेखाली काही कळत नाही. खुर्ची येऊन तीनच आठवडे झालेत. मी स्वतः नऊ वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. घरात जितंजागतं माणूस असताना कुणा अनोळख्याच्या फॉरवर्डवर विश्वास बसला, याचा राग आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे तो मधेमधे येणार नाही. आला तर आला.

'व्हीलचेअर घेण्याआधी हे वाचाच' असं त्याचं नाव. खुर्चीत बसवू नका, पाणी कमी द्या, पायांना गरम विटेचा शेक द्या, बसवायचंच तर रबरी ट्यूबवर बसवा, घराचा उंबरठा काढू नका, अशी कलमं. शेवटी खुर्ची नाकारून सहा महिन्यांत चालायला लागलेल्या एका शेतकऱ्याची गोष्ट. गाव नाही, नाव नाही.

शेकापासून सुरू करते, कारण त्यानं आज रात्रीच माणूस भाजू शकतो. दुखापत झालीय पाठीतल्या मज्जारज्जूला. तळपायाला वीट लावून तिथे काय पोचणार? उलट, चटका बसला तरी पाय मागे ओढला जात नाही आणि तोंडातून 'आई गं' निघत नाही. दुसऱ्या वर्षी मी आमटीचं पातेलं मांडीवर घेऊन ओट्यापासून टेबलापर्यंत आले. अंतर चार फूट. खाली गाऊनची घडी होती, तेवढी पुरेल असं वाटलं. जेवले, भांडी घासली, सीरियल पाहिली. रात्री कपडे बदलताना बघते तर दोन्ही मांड्यांवर पातेल्याच्या बुडाएवढा लालभडक गोल, त्यावर टचटचीत फोड. आमटी एका जेवणात संपली, जखम भरायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस नोकरीवर रजा आणि पालथं झोपणं. आता मांडीवर आधी लाकडी पाट, त्यावर टॉवेल, आणि उकळतं काही असेल तर मी ते नेतच नाही, हाक मारते. आणि हे फॉरवर्डवाले मुद्दाम तापवलेली वीट लावायला सांगतात! मामीनं दोनदा लावली होती. फडक्यात गुंडाळून, म्हणून निभावलं.

पाण्याचं कलम असंच. लघवीचा त्रास नको म्हणून पाणी तोडायचं. मामेभावाला दिवसाला मोजून तीन पेले मिळत होते. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, जंतू धरतात, खडे होतात, वर पोट साफ होत नाही ते वेगळंच. डॉक्टरांनी त्याला दर चार ते सहा तासांनी नळीनं लघवी काढायला शिकवलंय. पाणी बेतायचं असतं ते त्या वेळापत्रकाशी, दिवसभर थोडंथोडं प्यायचं आणि झोपण्याआधी दोन तास हात आखडायचा. बंद करायचं नसतं.

रबरी ट्यूब तर आपल्याकडे कुणीही आणून देतं, अगदी प्रेमानं. तिच्या कडेवर कातडी ताणली जाते आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. गादी हवी ती नीट फोमची किंवा हवेच्या कप्प्यांची.

आता मुख्य कलम, खुर्चीनं पाय जातात. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक मेले, आणि मेले ते गादीवर पडून झालेल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं. इंग्लंडात स्टोक मॅंडव्हिलला १९४४ साली डॉ. लुडविग गुटमान आले. त्यांनी पेशंटना रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, लघवीकडे काटेकोर लक्ष दिलं आणि त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत आणलं. माणसं जगायला लागली. २९ जुलै १९४८ ला अशा सोळा जणांनी खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली, पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. म्हणजे आमच्या मामेभावाला ज्या पलंगावर परत टाकलं, त्या पलंगावरच माणसं मरत होती. लांब कशाला, कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक चाकाच्या खुर्चीतून सरकारी नोकरी करत होत्या आणि १९८४ मध्ये त्यांनी अपंगांसाठी संस्था उभी केली.

एक गोष्ट मात्र कबूल करायला लागते, जिवावर येऊन. खुर्चीत तासन् तास नुसतं बसून राहिलं तर गुडघे, घोटे आखडतात, बसायच्या हाडांवर जखमा होतात, पुढे खांदेही कुरकुरतात. म्हणून अर्ध्या तासानं छाती मांडीवर टेकून दोन मिनिटं पुढे वाकायचं, रोज रात्री आरशात मागची कातडी बघायची, आणि पायांचे व्यायाम खुर्ची आली म्हणून सोडायचे नाहीत. दवाखान्यातली ऐसपैस, सगळ्यांना एकच मापाची खुर्ची घरी आणली तर तीही घातच करते. माणूस तिच्यात एका बाजूला कलंडून बसतो.

तो शेतकरी? खरा असूही शकतो. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसेल तर पहिल्या काही महिन्यांत बळ परत येतं, काही जण चालतातही. खुर्ची पोटमाळ्यावर टाकल्यामुळे नव्हे. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं कोंबडं आरवून ते लवकरही फुटत नाही.

उंबरठ्याबद्दल काय बोलायचं! म्हणे लक्ष्मी जाते. सहा इंच उंचीला सहा फूट लांबीचा उतार करा, लक्ष्मीलाही बरं पडेल.

काल खुर्ची खाली उतरली. मामेभाऊ अंगणापर्यंत गेला, तुळशीजवळ पुढची छोटी चाकं फरशीच्या फटीत अडकली, तर मामीला हाक न मारता मागे रेलून सुटला. आता अडलंय संडासाच्या दाराशी. खुर्ची पंचवीस इंच, दार साधारण दोन फूट. मामी, सुतार यायच्या आधी चौकटीच्या आतलं माप घेऊन मला पाठव. टेपनं घे, वितीनं नको.