‘डिस्टिल्ड वॉटरच्या नावाखाली फसवणूक’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी लिहितो. चार महिन्यांपूर्वी तुम्ही आमच्याकडून स्टीम इस्त्रीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन १२० रुपयांना नेलात. चार महिने इस्त्रीत फक्त तेच पाणी घातलं, तरी तिच्यातून पांढरे कण पडतातच आणि काळा कुर्ता खराब झाला. तेच पाणी सासूबाईंच्या वाफाऱ्याच्या मशीनमध्ये घातलंत तर वाफच आली नाही. बॅटरीवाल्याकडे असाच कॅन ६० रुपयांना मिळतो. आणि इस्त्री घेऊन विचारायला आलात तर मालक फोनवरच. एक स्टार.

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथे चूक सरळ माझी आहे. मी होलसेलवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होतो, तुम्हाला दहा मिनिटं ताटकळत ठेवलं आणि फोन ठेवल्यावर “मॅन्युअल वाचा” एवढंच बोललो. माफ करा. त्यात ते मॅन्युअल मी स्वतःही वाचलेलं नव्हतं, ते पुढे येईलच.

वाफाऱ्याच्या मशीनची चूकही माझीच. कॅन देताना तुम्ही विचारलं होतंत, “बाकीच्या मशीनला चालेल ना?” आणि मी म्हणालो, “कशातही घाला, चांगलंच आहे.” काउंटरवरच्या पोरावर ढकलत नाही, वाक्य माझं. सर्दीसाठी घरोघर जे प्लास्टिकचं स्वस्तातलं मशीन असतं, त्यातल्या बहुतेकांत कॉइल नसते. धातूच्या दोन पट्ट्या पाण्यात बुडालेल्या असतात आणि वीज एका पट्टीकडून दुसरीकडे पाण्यातूनच जाते, त्यात पाणी तापतं. वीज वाहून नेण्याचं काम पाण्यातले क्षार करतात. क्षारच काढून टाकलेलं पाणी घातलं की मशीन थंड. म्हणूनच अशा काही मशीनच्या खोक्यावर ‘वाफ कमी येत असल्यास चिमूटभर मीठ टाका’ असं छापलेलं असतं.

तर मशीन बिघडलेलं नाही, टाकून देऊ नका. नळाचं पाणी घाला, चालेल. मीठ मात्र तुम्ही टाकू नका. तुमच्या सोसायटीच्या पाण्यात आधीच क्षार भरपूर आहेत, वरून मीठ पडलं तर पाणी उसळून बाहेर येईल आणि सासूबाईंना भाजेल. पाणी भरताना, ओतताना पिन काढूनच, कारण या मशीनमध्ये वीज थेट पाण्यात असते. आणि आमचा तो कॅन श्वासावाटे जाणाऱ्या कुठल्याच मशीनसाठी नाही. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता इस्त्री. इथे मला थोडं भांडायचं आहे.

तुम्ही लिहिलंय की नारायण पेठेत असताना जुनी इस्त्री नऊ वर्षं नळाच्या पाण्यावर चालली, कधी डिस्टिल्ड लागलं नाही, म्हणजे हे सगळं दुकानदारांचं खूळ. मॅडम, पेठांतल्या नळाला खडकवासल्याचं, पर्वतीवरून शुद्ध होऊन येणारं पाणी आहे. आमच्या दुकानातल्या नळाला मीटर लावलं तर टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असतो. त्या पाण्यावर इस्त्री नऊ वर्षं चालली यात नवल नाही. पण तुम्ही आता वाघोलीत राहता, तिथे सोसायटीला बोअर आणि टँकर. जमिनीखालच्या काळ्या खडकातून झिरपलेलं पाणी येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. तुमच्या आरओवाल्यानेच ९०० टीडीएस सांगितला होता. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात जडपणा, म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पण ते माणसाच्या पोटासाठी. इस्त्रीला एवढं झेपत नाही. तिच्यात पाणी थेंबाथेंबाने तापल्या पत्र्यावर पडतं, वाफ होऊन जातं आणि विरघळलेलं सगळं मागे राहतं.

हिशेब करून बघा. कॅन नेण्याआधी दहा महिने तुम्ही नळाचंच पाणी घालत होतात. आठवड्याला चार वेळा, दर वेळी पाव लिटर, म्हणजे दहा महिन्यांत चाळीसेक लिटर. ९०० टीडीएसने त्यातून पस्तीस-चाळीस ग्रॅम क्षार इस्त्रीत गेले. एका वाटीत पाच-सहा चमचे चुना काढून ठेवा, म्हणजे अंदाज येईल. त्यातला काही वाफेबरोबर कपड्यावर उडाला, उरलेला आत चिकटला. डिस्टिल्ड वॉटर नवीन थर बसू देत नाही, पण जुना काढत नाही. तो सुटा होऊन खपल्या पडतच राहतात. कॅन देण्याआधी इस्त्री साफ करून घ्या, असं सांगायचं राहिलं ही माझी तिसरी चूक. धरा हिशेबात.

पण चार महिने फक्त आमचंच पाणी वापरलं, हे काही जमत नाही. आठवड्याला एक लिटर या हिशेबाने ५ लिटरचा कॅन सव्वा महिन्यात संपतो, आणि दुसरा तुम्ही नेलेला नाही. तुम्ही इस्त्री ठेवून गेलात तेव्हा टाकीत थोडं पाणी होतं. त्याला मीटर लावलं: ८७०. दुकानातला सीलबंद कॅन फोडून मोजला: ३. मग मला वाटलं, बोअरचंच पाणी असणार. म्हणून जडपणा तपासायचं किट काढलं. त्यात पाण्यात रंगाची पूड टाकतात, पाणी जड असेल तर ते गुलाबी-लाल होतं आणि बाटलीतलं औषध थेंब-थेंब टाकत निळं होईपर्यंत मोजायचं. तुमच्या टाकीतलं पाणी पहिल्याच थेंबाला निळं. म्हणजे जडपणा जवळजवळ शून्य आणि टीडीएस ८७०. असं पाणी बहुतेक वेळा सॉफ्टनरचं, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्राचं असतं.

फोन केल्यावर तुम्ही मान्यही केलंत: गेल्या दिवाळीत सोसायटीत सॉफ्टनर बसला, मग विकतचं पाणी कशाला? तुम्हाला दोष देत नाही, नावच तसं आहे. पण सॉफ्टनर क्षार काढत नाही, अदलाबदल करतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. नळाच्या तोट्या, बादल्या, गीझर यांना त्याचा खरंच फायदा होतो, कारण दगडासारखा थर बसत नाही. मात्र जिथे पाणी पूर्ण आटतं तिथे सोडियमचे क्षार उरतातच. तुमच्या इस्त्रीच्या भोकांतून दोन प्रकारचा पांढरा माल निघाला. खपल्यांवर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं, तो जुना चुना. बारीक भुकटी मात्र साध्या पाण्यात विरघळून गेली, ती सॉफ्टनरची.

किमतीबद्दल. तुम्ही म्हणता तो ६० रुपयांचा कॅन मी पाहिलाय, तो सुटा भरलेला असतो. कुठून भरला हे बघितल्याशिवाय मी इस्त्रीत घालणार नाही. पण एक गोष्ट लपवत नाही: बाजारात डिस्टिल्ड म्हणून मिळणारं बरंचसं पाणी, आमचा कॅनही त्यातच, उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवलेलं नसतं. रेझिनच्या बारीक मण्यांमधून क्षार काढलेलं डीएम (डीमिनरलाइज्ड) वॉटर असतं. थर न बसण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. तरी पुढच्या मालापासून आम्ही बिलावर ‘डीएम वॉटर’ असंच लिहिणार आहोत.

आणि ते मॅन्युअल. काल वाचलं. तुमच्या इस्त्रीच्या कंपनीने लिहिलंय की पाणी जड असेल तर नळाचं आणि डिस्टिल्ड निम्मं-निम्मं घ्या, नुसतं डिस्टिल्ड नको. म्हणजे मी सांगितलेलं तिथेही बसत नव्हतं. तुमच्यासाठी स्वस्तातला उपाय घरातच आहे: आरओचं पाणी. त्यात पाण्यात परत क्षार मिसळणारं मिनरलचं काडतूस नाही ना, एवढं बघून घ्या. ५०-६० टीडीएस असेल तर तेच घाला, कॅन नेऊ नका. फक्त आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जातं ते पाणी नको. एका गिऱ्हाईकाने काटकसर म्हणून दोन महिने तेच घातलं, त्यात उलट जास्तच क्षार असतात. एसीचं पाणीही नको, त्यात धूळ आणि बुरशी असते.

इस्त्रीचे पैसे परत मागितलेत ते देऊ शकत नाही. ती आमच्याकडून घेतलेली नाही आणि बिघडलेलीही नाही. कॅनचे १२० परत करतो, साफसफाईचे पैसे घेणार नाही. सोलप्लेट, म्हणजे इस्त्रीचा तापणारा तळ, उघडून सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने थर काढलाय, वाफ सगळ्या भोकांतून सारखी येते. घरी टाकीत व्हिनेगर ओतू नका, तुमच्या मॅन्युअलमध्ये मनाई आहे. महिन्यातून एकदा सेल्फ क्लीन करा: टाकी भरायची, पूर्ण तापवायची, पिन काढायची, मोरीवर आडवी धरून बटण दाबायचं.

इस्त्री काउंटरच्या मागे तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली आहे. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. वाफाऱ्याचं मशीनही आणा, पट्ट्यांवर थर असेल तर तिथेच काढून देतो.