क्लेरिकला हात किती असतात?

नियमाचा प्रश्न कधीही निवांतपणी येत नाही. नकाशा मांडताना, पेन्सिली शोधताना, कॅरेक्टर शीट भरताना सगळे कसे गुण्यागोविंदाने बसलेले असतात. मग फायटर, म्हणजे आमच्यातला लढवय्या, बेशुद्ध पडतो, राक्षसाचे नऊ हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, उरतात, सगळ्यांचे डोळे एका वीस बाजूंच्या फाशाकडे लागतात आणि नेमकं तेव्हाच टेबलाच्या कोपऱ्यातून येतं, "एक मिनिट हं, एक शंका आहे." शंका एक नसते आणि मिनिटाची तर नसतेच नसते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, एकेक पात्र होऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळात लढाईचा एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा धरतात. त्या सहा सेकंदांवर पाऊण तास काथ्याकूट करायचा, हा या खेळातला सर्वांत काटेकोरपणे पाळला जाणारा नियम. कुठल्याच पुस्तकात तो छापलेला नाही, तरी कोणालाही शिकवावा लागत नाही.

मी डीएम, डन्जन मास्टर. म्हणजे गोष्ट सांगायची मी, राक्षसांच्या वतीनं फासे टाकायचे मी, पंचगिरी करायची मी, आणि काही बिनसलं की खापर फोडायला डोकंही माझंच. खेळ १९७४ सालचा. गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी केलेला. तेव्हापासून आवृत्त्या येतच आहेत. पाचवी २०१४ मध्ये आली आणि तिची डागडुजी २०२४ मध्ये झाली. माझ्या बहुतेक हालअपेष्टा या दोन सालांच्या मधल्या फटीत घडतात, कारण खेळाडू नियम वाचतो एका पुस्तकात आणि आठवतो दुसऱ्यातला. 'चिल टच' घ्या. नावात गारवाही आहे आणि स्पर्शही. २०१४ च्या पुस्तकात हा मंत्र १२० फुटांवरून लागायचा आणि नुकसान करायचा नेक्रॉटिक (प्राण शोषणारं), म्हणजे ना गार, ना स्पर्श. २०२४ मध्ये तो खरोखर हात लावून टाकावा लागतो. गारवा अजून आलेला नाही. दहा वर्षांत अर्धं नाव खरं झालं, बाकीच्या अर्ध्यासाठी धीर धरावा.

तर शंका. सगळ्यांत चिवट शंका क्लेरिकच्या, म्हणजे देवाच्या शक्तीनं मंत्र टाकणाऱ्या लढाऊ पुजाऱ्याच्या, हातांची. पाहणाऱ्याला ती क्षुल्लक वाटते, म्हणून जरा जवळून दाखवतो.

क्लेरिकच्या डाव्या हातात ढाल, ढालीवर देवाचं चिन्ह रंगवलेलं. उजव्या हातात गदा. शेजारी मित्र विव्हळत पडलाय. मंत्राला तीन प्रकारचे घटक लागू शकतात: उच्चार, हातवारे आणि साहित्य. मंत्राला साहित्य लागत असेल आणि त्याची किंमत दिलेली नसेल, तर देवाचं चिन्ह त्याची जागा घेतं. चिन्ह ज्या हातात, त्याच हातानं हातवारेही करता येतात. 'ब्लेस' या आशीर्वादाच्या मंत्राला तिन्ही घटक लागतात. त्यामुळे ढाल जराशी हलवली की झालं, गदा जागच्या जागी. 'क्युअर वुंड्स' या जखमा भरण्याच्या मंत्राला मात्र उच्चार आणि हातवारे एवढंच लागतं, साहित्य नाही. साहित्य नाही म्हणून चिन्हाचा उपयोग नाही, चिन्हाचा उपयोग नाही म्हणून ढालीचा हात धरायचा नाही, आणि हातवाऱ्यांना तर हात मोकळा हवा. म्हणजे ज्या मंत्राला जास्त गोष्टी लागतात तो भरल्या हातांनी होतो, आणि ज्याला कमी लागतात तो होत नाही. हे समजावून सांगताना खेळाडूच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते मला पाठ झालेत. त्या भावांना मी आक्षेप घेत नाही.

आता उपाय. गदा कमरेला लावता येते, वस्तूला एकदा हात लावणं दर पाळीला फुकट असतं. पण ते फुकट गदा ठेवण्यात खर्च होतं, ती त्याच पाळीत परत काढायची म्हटलं तर पाळीतली एकुलती मुख्य ॲक्शन (कृती) जाते, आणि ती मंत्रात गेलेली असते. मधल्या वेळात पळणाऱ्या शत्रूला हाणायची संधी आली, तर क्लेरिकच्या हाती नुसती बुक्की उरते. म्हणून अनुभवी क्लेरिक गदा ठेवत नाही, टाकतो. २०१४ च्या नियमांत टाकायला काही लागत नाही. गदा टाकायची, मंत्र म्हणायचा, फुकटच्या हातानं गदा उचलायची. सहा सेकंदांत वाकून-उठून हे सगळं चिलखतासकट. नियमात चोख बसतं आणि डोळ्यांसमोर आणलं तर कोणीतरी पडलेलं नाणं शोधतंय असं वाटतं. दुसरा उपाय 'हीलिंग वर्ड', हाही बरं करणारा मंत्र. त्याला नुसता उच्चार लागतो, ६० फुटांवरून चालतो आणि बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे छोट्या जोडकृतीत, होतो. तिसरा उपाय 'वॉर कास्टर' नावाचं फीट, म्हणजे पात्राला घेता येणारं खास कसब. ते घेतलं की दोन्ही हात भरलेले असले तरी हातवारे होतात. कसे होतात ते विचारायचं नाही. बहुधा कोपरानं.

या खेळात ॲडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, डिसॲडव्हांटेज म्हणजे लहान. दोन्ही एकत्र आले की फिटंफाट, आणि इथे मेख आहे: एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला चार असली तरी फिटंफाटच. आता मिट्ट काळोखात लाँगबो घेऊन उभा राहिलेला तिरंदाज घ्या. लाँगबोचा साधा पल्ला १५० फूट, लांबचा ६००. समोरचा ५९० फुटांवर. लांब आहे म्हणून डिसॲडव्हांटेज, दिसत नाही म्हणून डिसॲडव्हांटेज. पण त्यालाही हा दिसत नाही, म्हणून ॲडव्हांटेज. सगळं रद्द! तो कुठे आहे हे आवाजावरून कळलं की झालं, नेम भर दुपारी १०० फुटांवर लागतो तितकाच इथेही लागतो. उलट पहाट झाली की नेम बिघडतो, कारण दिसायला लागतं. हा नियम मी बदलत नाही. त्यानं खेळ वेगवान होतो, दर बाणाला बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. फक्त त्या वेळी तिरंदाजाच्या खेळाडूकडे बघायचं नाही, तो हसत असतो.

शब्दांचा कीस काढणाऱ्यांचं तर निराळंच. 'मेली वेपन अटॅक' आणि 'मेली वेपननं केलेला अटॅक' (मेली म्हणजे हातघाईचं, वेपन म्हणजे शस्त्र) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तो शांतपणे सांगतो, आणि दुर्दैवानं बरोबर सांगतो. बुक्की पहिल्यात बसते, दुसऱ्यात बसत नाही, कारण बुक्की हे शस्त्र नव्हे. म्हणून २०१४ च्या पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, मुठीनं 'डिव्हाइन स्माइट' हा दैवी तडाखा देता येत नसे. २०२४ च्या पॅलाडिनला येतं. 'फायरबॉल'चंही तसंच. वीस फुटांच्या त्रिज्येत जे जळण्याजोगं ते पेटतं, पण अंगावर घातलेलं किंवा हातात धरलेलं सोडून. म्हणजे पडदे, टेबल, गालिचा खाक होतात, मधोमध उभ्या जादूगाराची दाढी होरपळते आणि झगा मात्र इस्त्रीसकट शाबूत.

एवढं सगळं झाल्यावर नियम "नाही" म्हणतो. नियम "नाही" म्हणाला की खेळाडूला देव आठवतो.

"पण माझ्या देवाला हे चालेल!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यासाठी वेगळा आवाज राखून ठेवलाय. टायमोरा ही नशिबाची देवी, तिचा भक्त म्हणतो, "मग मला फासा परत टाकू द्या." टायमोराच्या भक्तीनं नुसतं तेवढं मिळत नाही. शेजारी बसलेल्या हाफलिंगला (बुटक्या जमातीच्या पात्राला) मात्र एक पडला की फासा परत टाकता येतो, आणि तो कुठल्याच देवाला मानत नसला तरी चालतं. भक्ताला हा अन्याय वाटतो. टायमोराची गोष्ट सांगितली की राग जरा निवळतो: मूळची देवी टायकी, ती सडत चालली तेव्हा चंद्रदेवी सेलूनेनं तिला दुभंगलं आणि दोन बहिणी झाल्या, सुदैवाची टायमोरा आणि दुर्दैवाची बेशाबा. तुझा फासा बेशाबाकडे गेला असेल, असं म्हणायची सोय आहे.

'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर'वाल्यांचा लाडका प्रश्न: शत्रूच्या फुप्फुसात पाणी तयार केलं तर? मंत्र पहिल्या पातळीचा, दहा गॅलन पाणी देतो, कल्पना भीषण आहे. पण पाणी उघड्या भांड्यात तयार होतं असं लिहिलंय, आणि फुप्फुस हे उघडं भांडं नव्हे. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात, पण या पुस्तकाप्रमाणे नारळसुद्धा आधी फोडून घ्यावा लागेल.

गंमत अशी की इथे देवच नियमांना जास्त बांधलेले आहेत. कौल लावायचा तर 'ऑगरी': पुढच्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टीबद्दल विचारा, उत्तर चारच प्रकारचं, बरं, वाईट, दोन्ही, किंवा काहीच नाही. २०१४ च्या नियमांत पुरती झोप न घेता पुन्हा लावला तर दर खेपेला उलटसुलट उत्तर येण्याचा धोका पंचवीस टक्क्यांनी वाढतो. तो फासा मी लपवून टाकतो. 'कम्यून'मध्ये देवाशी थेट बोलणं होतं, पण प्रश्न तीनच आणि उत्तर हो किंवा नाही. मंत्र टिकतो एक मिनिट. ते तीन प्रश्न ठरवायला खेळाडूंची बैठक अर्धा तास चालते, मसुदे होतात, उपसूचना येतात, आणि शेवटी घाईत कोणीतरी विचारतं, "आम्ही बरोबर चाललोय ना?" गेला एक प्रश्न. शिवाय देव सर्वज्ञ असतीलच असं नाही, हे मंत्राच्या वर्णनातच लिहून ठेवलंय, त्यामुळे "सांगता येत नाही" हेही अधिकृत उत्तर. लिहिणाऱ्याचे उपकार कसे फेडू!

आणि 'डिव्हाइन इंटरव्हेन्शन'. २०१४ चा क्लेरिक दहाव्या पातळीला पोचला की शंभराचा फासा टाकतो. आपल्या पातळीइतका किंवा कमी आकडा आला तर देव धावून येतो. दहाव्या पातळीला दहा टक्के. सगळे देव पाण्यात घालून बसतात, फासा ८७ दाखवतो, देव येत नाही. पण हिशेबी खेळाडू तो संकटात टाकतच नाही. न पावल्यास झोप झाली की परत मागता येतं, म्हणून तो प्रवासात रोज रात्री मागतो. दहा रात्रींत एकदा तरी पावण्याची शक्यता पासष्ट टक्के. पावला की मग सात दिवस थांबायचं. २०२४ मध्ये हे सगळं सरळ करून टाकलं: पाचव्या पातळीपर्यंतचा क्लेरिकचा मंत्र, स्लॉट, म्हणजे मंत्रांचा ठरलेला कोटा, न खर्चता. सोय झाली, पण ती धाकधूक गेली, आणि मला ती आवडायची.

देवांच्या इतिहासाचे प्रश्न विचारतो तो जादूगार. "मिस्ट्रा मेली ना? मग माझे मंत्र कसे चालतात?" फर्गॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगात जादूची देवी मरणं ही नित्याची बाब. आधी मिस्ट्रिल होती. नेदरिल या जादूगारांच्या राज्यातल्या कार्सस नावाच्या महाभागानं तिची शक्तीच स्वतःकडे ओढली, त्याला ती पेलवेना, जादू थांबली आणि तरंगती शहरं खाली आली. मग मिस्ट्रा. तिला त्या जगाच्या कालगणनेत १३५८ साली पहारेकरी देव हेल्मनं स्वर्गाच्या जिन्यावर मारलं, कारण नियतीच्या पाट्या परत आणल्याशिवाय वर यायचं नाही असा हुकूम होता. तिच्या जागी मिडनाइट नावाची मर्त्य जादूगारीण बसली आणि तिनं नावही मिस्ट्राच घेतलं. तिला १३८५ मध्ये सिरिक या देवानं मारलं, त्यात जादूच पेटली. पाचव्या आवृत्तीतली साहसं १४८० च्या पुढची, तोवर ती परत आलेली आहे. तेव्हा उत्तर एवढंच: साल कोणतं ते आधी विचार. आपल्या खेळाचं साल पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं, निम्मे वाद तिथेच मिटतात.

खुनाच्या देवाचं नाव भाल. मराठी टेबलावर हे नाव गंभीरपणे उच्चारून बघाच. "भाल जागा होतोय" म्हटलं की कोणीतरी कपाळावर हात मारतोच. तो, बेन आणि मिर्कल हे तिघे मुळात माणसं. म्हातारा देव जेर्गल कंटाळला होता, त्यानं आपली सत्ता तिघांना देऊ केली आणि ती वाटून घ्यायला हे पठ्ठे खेळ खेळत बसले. खेळून देव झाले म्हणजे नियमांवर भांडलेही असतीलच. या सगळ्यांच्या वर आओ. तो कोणाची प्रार्थना ऐकत नाही, उत्तर देत नाही, त्याला पुजारी नाहीत. माझा आदर्श.

माझी पद्धत सांगतो. शंकेला दोन मिनिटं. पुस्तकात सापडलं तर ठीक, नाही तर मी निकाल देतो, वहीत लिहितो आणि खेळ संपल्यावर शोधतो. निकाल चुकला तर पुढच्या खेपेपासून बदलतो, मागचा मेलेला मेलाच. देवाच्या कथेतून रंग हवा तेवढा घ्या: ड्रॅगनांचा देव बहामट म्हातारा होऊन सात कॅनरी पक्षी घेऊन हिंडतो आणि ते पक्षी खरे म्हणजे सोन्याचे ड्रॅगन आहेत, हे दृश्य मी फुकट देतो. त्याच्या नावावर फाशात अधिक दोन देत नाही.

ही पद्धत इल्मेटरच्या क्लेरिकपुढे लटकी पडते. इल्मेटर हा सोसण्याचा देव, त्याचं चिन्ह म्हणजे मनगटाशी लाल दोरीनं बांधलेले दोन हात. ढालीवर ते चिन्ह, हातात गदा, शेजारी विव्हळणारा फायटर, आणि खेळाडू विचारतो, "ज्याचे दोन्ही हात बांधलेत तो मला मंत्र देतो, आणि हात मोकळा नाही म्हणून तो मंत्र तुम्ही मला म्हणू देत नाही?"

देवांना हातवारे लागत नाहीत, मी म्हणतो. तुला लागतात. चौथ्या पातळीला वॉर कास्टर घे, आत्ता गदा टाक. तो सुस्कारा सोडून गदा टाकतो. फरशी दगडी आहे, असं मीच मघाशी वर्णन केलेलं असतं. टेबलाच्या कोपऱ्यातून हात वर येतो. गदा पडल्याचा आवाज पलीकडच्या खोलीतल्या गॉब्लिनना ऐकू जातो का, अशी एक शंका आहे.