‘दोन अज्ञात, दोन विधानं, डोळे मिटून सी’ हा नियम खोटा आहे

इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे गणिताला येणाऱ्या एका मुलीने गेल्या आठवड्यात सराव पेपर पुढे केला. डेटा सफिशियन्सीचे, म्हणजे दिलेली माहिती पुरेशी आहे का हे ओळखायचे, दहा प्रश्न, त्यातल्या सातांमध्ये ‘सी’ या पर्यायाभोवती पेन्सिलचा गोल. कच्च्या कामाचं पान कोरं. विचारलं तर म्हणाली, “काकू, त्याची ट्रिक आहे ना,” आणि मोबाइलवरचा मेसेज दाखवला. मग बाकीच्यांना विचारलं, तर माझ्याकडच्या सहाही मुलांकडे तो निघाला. भंवरकुव्याच्या कोचिंगमधल्या ग्रुपांवरून आलेला.

मेसेज असा: गणित सोडवू नका. अनुपात आणि एखादा आकडा मिळाला की माहिती पुरेशी. दोन्ही विधानांत आकडा नसून नुसते टक्के आणि अनुपात असतील तर अपुरी. अज्ञात दोन तर विधानंही दोन्ही लागणारच, म्हणजे ‘सी’. आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ते विधान अपुरं. (अनुपात म्हणजे आपलं गुणोत्तर. आमची मुलं शाळेत हिंदीतून शिकतात, त्यामुळे हा शब्द घरातही रुळलाय.)

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एक प्रश्न आणि दोन विधानं देतात. उत्तर सांगायचं नसतं, ते काढायला कोणतं विधान पुरतं तेवढं सांगायचं. नुसतं पहिलं पुरलं तर ए, नुसतं दुसरं तर बी, दोन्ही एकत्र केल्यावरच पुरली तर सी, दोन्ही विधानं एकेकटीही पुरली तर डी, एकत्र करूनही भागलं नाही तर ई. जीमॅट या एमबीए प्रवेशाच्या परीक्षेत हा क्रम ठरलेला असतो. बँकांच्या पेपरांत तो बदलू शकतो, म्हणून वरची सूचना वाचल्याशिवाय अक्षर लिहू नका.

‘गणित सोडवू नका’ यात अर्धं खरं आहे. शेवटच्या भागाकारापर्यंत जायची गरज नसते. पण उत्तर एकच निघतंय की अनेक, हे दिसेपर्यंत तरी जावंच लागतं, आणि नेमकं तेवढंच हा मेसेज गाळायला सांगतो.

आता गुणोत्तर आणि आकडा. ट्रेमध्ये कचोऱ्या किती? विधान एक: कचोऱ्या आणि समोसे 3:2 आहेत. विधान दोन: आणखी 15 कचोऱ्या आणि 10 समोसे ठेवले तरी गुणोत्तर होतं तेच राहतं. मेसेजवाला लगेच ‘सी’ करणार. पण 15 आणि 10 यांचं गुणोत्तरही 3:2 च आहे! ट्रेमध्ये 3 आणि 2 असोत, 30 आणि 20 असोत की 300 आणि 200, दुसरं विधान सगळ्यांना लागू पडतं. ते पहिल्याचीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतंय. उत्तर ई. आता त्यात थोडाच बदल करा: दोन्ही 10-10 वाढवल्यावर गुणोत्तर 4:3 झालं. 3क्ष+10 आणि 2क्ष+10 मांडलं की क्ष 10 येतो, कचोऱ्या 30. आता मात्र सी. आकडे दोन्हीकडे आहेत. तो आकडा नवं काही सांगतो की नाही, एवढाच फरक.

‘नुसते टक्के म्हणजे अपुरी’ या नियमाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो मुलांना विचारच करू देत नाही. हा प्रश्न घ्या: वर्गात 40 पेक्षा कमी मुलं-मुली आहेत, एकूण किती? विधान एक: बरोबर 37.5 टक्क्यांना चष्मा आहे. विधान दोन: मुलगे आणि मुली 2:1 आहेत. विधानांत डोकी मोजलेली कुठेच नाहीत. पण 37.5 टक्के म्हणजे 3/8, आणि अर्धा माणूस चष्मा लावत नाही, म्हणजे संख्या 8 च्या पाढ्यातली: 8, 16, 24 किंवा 32. दुसऱ्या विधानावरून ती 3 च्या पाढ्यातली. दोन्ही पाढ्यांत असलेली आणि 40 च्या आतली संख्या एकच, 24. उत्तर सी. मेसेज इथे ई लिहायला लावतो.

शिवाय प्रश्नातच टक्के विचारले असतील तर रुपये हवेत कशाला? तेलाचा भाव 25 टक्क्यांनी वाढला, घरातला खप 20 टक्क्यांनी घटला, तर खर्चात किती टक्के फरक? 1.25 गुणिले 0.80 म्हणजे 1. काहीच फरक नाही, आणि भाव कुणी सांगितलाही नाही.

तिसरा, दोन अज्ञातांचा नियम दिसायला सगळ्यात शहाणा. सकाळी पोहे 20 रुपये प्लेट आणि जिलेबी 35 रुपये प्लेट घेतली, तर पोह्यांच्या प्लेटी किती? विधान एक: एकूण 190 रुपये झाले. विधान दोन: एकूण प्लेटी 8. दोन अज्ञात, दोन समीकरणं, सी? 5 ने भागून बघा: 4प + 7ज = 38. प्लेटी पूर्ण हव्यात. 38 मधून 7 चे पट वजा करत गेलं तर 31, 24, 17, 10, 3. यात 4 ने भाग जाणारा फक्त 24 (38 ला स्वतःलाही जात नाही). म्हणजे जिलेबी 2, पोहे 6. पहिलं विधान एकटंच पुरलं. दुसरं एकटं पुरत नाही. उत्तर ए. पेपर काढणारा ‘सी’ची वाट मुद्दाम गुळगुळीत ठेवतो.

शेवटचा नियम तर सरळ चूक. ‘अ हा ब पेक्षा मोठा आहे का?’ दोन्ही धन संख्या आहेत आणि अ हा ब च्या 80 टक्के आहे, तर उत्तर ठाम ‘नाही’. ठाम ‘नाही’ म्हणजे माहिती पुरेशी. अपुरी तेव्हा, जेव्हा कधी हो आणि कधी नाही येतं. ‘धन’ हा शब्द प्रश्नात नसता तर तसंच झालं असतं: ब उणे 10 असेल तर अ उणे 8, म्हणजे मोठा.

आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो, आणि मेसेज पुढे पाठवणाऱ्याचा तो कापला जात नाही. त्या मुलीला मी एकच सांगितलं: गोल करण्याआधी विधानात बसणाऱ्या दोन वेगळ्या संख्या शोधून कच्च्या पानावर लिही. सापडल्या आणि उत्तरं वेगळी आली तर ते विधान अपुरं. सापडत नसतील तर का सापडत नाहीत ते एका ओळीत लिही. काल तिने ते सातही ‘सी’ पुन्हा तपासले. तीन टिकले.