१५ मिनिटांत १८ गाणी

'मिनिटमेन' या अमेरिकन पंक बँडचं नाव निघालं की लोक थेट 'डबल निकल्स ऑन द डाइम'वर जातात. १९८४ चा तो डबल अल्बम, ४५ गाणी, थोर आहेच. त्यावर माझा कुणाशी वाद नाही. पण त्याआधीच्या छोट्या रेकॉर्ड्सना 'सुरुवातीची खटपट' म्हणून बाजूला सारलं जातं, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. हा बँड जो काही आहे तो तिथेच ठरलेला आहे.

लॉस एंजेलिसच्या दक्षिण टोकाला सॅन पेड्रो नावाचं बंदर आहे. गोदी कामगारांची, खलाशांची वस्ती. तिथल्या एका बागेत १३ वर्षांच्या डी. बूनने झाडावरून उडी मारली ती नेमकी माइक वॉटच्या पुढ्यात. त्याला वाटलं होतं, खाली आपला दुसराच कुणी दोस्त आहे. तिथून जी जोडी जमली ती बूनच्या मरणानेच तुटली. पोरं बाहेर उनाडक्या करण्यापेक्षा घरात वाजवत बसलेली बरी, म्हणून बूनच्या आईने दोघांना वाद्यांना लावलं. आपला मुलगा गिटार वाजवेल, तू बेस (खर्जातली गिटार) वाजव, असं तिने वॉटला सांगून टाकलं. बेसच्या तारा जाड असतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. साध्या गिटारला चारच तारा ठेवून तो वाजवायचा. पुढे ड्रम्सवर जॉर्ज हर्ली आला आणि तिघं झाले.

१९८० ला 'पॅरानॉइड टाइम' आली. ७ गाणी, आणि सगळी मिळून ७ मिनिटंसुद्धा नाहीत. 'ब्लॅक फ्लॅग' या पंक बँडच्या ग्रेग गिनची एसएसटी नावाची रेकॉर्ड कंपनी होती, तिची ही दुसरीच रेकॉर्ड. (नावात मिनिट आहे म्हणून गाणी मिनिटभराची, असं बरेच जण समजतात. तसं नाही. ६० च्या दशकात अमेरिकेत याच नावाची एक कडवी उजवी संघटना होती, तिची टर उडवायची होती.) छोट्या गाण्यांचं बळ त्यांना मिळालं ते इंग्लंडच्या 'वायर' या बँडकडून. त्यांची १९७७ ची 'पिंक फ्लॅग' ऐकून या पोरांना कळलं की सांगायचं ते सांगून झालं की गाणं तिथेच थांबवता येतं, धृपद पुन्हा पुन्हा घोळवायची गरज नाही.

मग १९८१ ची 'द पंच लाइन'. गॅसवर चहाचं आधण ठेवताना लावा. चहा पिऊन, कप विसळून उपडा घालेपर्यंत १८ गाणी संपलेली असतात. आणि तरी काही अर्धवट राहिलंय असं वाटत नाही.

कॉलेजच्या बँडमध्ये मी बेस वाजवायचो. साउंडवाला सगळ्यात शेवटी माझ्याकडे वळायचा, कधी कधी वळायचाच नाही. गिटार पुढे, गाणारा त्याच्याही पुढे, आणि बेस म्हणजे मागे कुठेतरी घुमणारं काहीतरी. तीन वर्षं मी तेच गृहीत धरून चाललो. मग हेडफोन लावून 'द पंच लाइन' ऐकली आणि अंगावर काटा आला. बूनची गिटार टोकदार, कर्कश, खर्जच नाही तिच्यात. त्याने मुद्दाम खालचा आवाज काढून टाकलेला, वॉटच्या बेसला जागा मिळावी म्हणून. कष्टकऱ्यांच्या बाजूने गाणी लिहिणारा हा माणूस आपल्या ॲम्प्लिफायरच्या बटणांपासून सुरुवात करतो. बँडमध्ये कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही, हे शब्द न कळताही ऐकू येतं. मी ती रेकॉर्ड त्या रात्री लागोपाठ चार वेळा ऐकली.

पैसा नव्हताच. स्टुडिओ स्वस्तात मिळतो म्हणून अपरात्री रेकॉर्डिंग, टेपसुद्धा वापरलेली. या काटकसरीला ते 'इकोनो' म्हणायचे आणि ताठ मानेने म्हणायचे. व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचं. अख्खा 'डबल निकल्स' त्यांनी ११०० डॉलरमध्ये केला. तो ऐकताना मला या जुन्या रेकॉर्ड्सच दिसतात, फक्त हात आता मोकळा झालेला. १९८३ च्या 'व्हॉट मेक्स अ मॅन स्टार्ट फायर्स?'मध्ये त्याची चाहूल लागते. गाणी इथेही १८च, पण आता साधारण २७ मिनिटं, आणि हर्लीच्या ड्रम्समध्ये पंकच्या धडाक्यापेक्षा फंकचा नाचरा ठेका जास्त.

२२ डिसेंबर १९८५ ला ॲरिझोनात व्हॅनला अपघात झाला आणि बून गेला. वय २७. वॉटला आधी बेसला हात लावावासाच वाटेना. नंतर तो वाजवू लागला, पण आजवर रेकॉर्ड्स अर्पण करतो त्या डी. बूनलाच.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी 'द पंच लाइन'पासून सुरुवात करा. फक्त फोनच्या स्पीकरवर नको, त्यात वॉट ऐकूच येत नाही.